निजवलेला पडदा

१

धम्मरत्न ओव्हाळच्या लेकीचं नाव अजून ठेवायचं होतं, त्या वर्षीची ही गोष्ट. पोरगी श्रावणात जन्मली. सगळे तिला नुसतं बाळ म्हणत. नाव अशोक विजयादशमीला ठेवायचं, असं तिच्या आजीनं, कस्तुराबाईंनी, ठरवून टाकलं होतं. साल दोन हजार चोवीस.

त्याच नवरात्रात एका मंगळवारी दुपारी शालनबाई टेमगिरे सोसायटीच्या आवारातल्या देवळातून घरी आल्या. वाकडच्या त्या इमारतीत त्यांचं घर अकराव्या मजल्यावर होतं. दाराला कुलूप नव्हतं. घरात घट बसलेला असला की घर बंद करायचं नाही, हा त्यांच्या घराण्याचा नियम. चाकणजवळची बहुतेक जमीन गेली, गाव सुटलं, पण नियम लिफ्टनं वर आला होता.

"अहो, परसाद आनलाय," त्या म्हणाल्या. त्या आत गेल्या.

आतल्या खोलीत यशवंतराव खिडकीखाली पडले होते. शेजारी स्टूल आडवं. खिडकीचा मोटरचा पडदा पार वर गेलेला, आणि पश्चिमेचं ऊन थेट त्यांच्या तोंडावर. डोळे उघडे होते. माणूस गेलाय हे शालनबाईंच्या ध्यानात यायच्या आधी एवढंच ध्यानात आलं, की त्यांच्या डोळ्यांत ऊन जातंय. त्यांनी रिमोट उचलून बटण दाबलं. पडदा हलला नाही. पुन्हा दाबलं. हलला नाही.

मग त्यांनी खाली बसून नवऱ्याच्या डोळ्यांवर आपला हात धरला, आणि तेव्हा त्यांना कळलं.

लोक जमले. पुतण्या कुलदीप पाचव्या मजल्यावरून धावत आला. त्यानंच सगळ्यांना समजावून सांगितलं : पडद्याची बॅटरी संपली, काका ती चार्जिंगला लावायला स्टुलावर चढले, चक्कर आली, खिडकीच्या ग्रॅनाइटवर डोकं आपटलं. सगळ्यांना पटलं. म्हातारं माणूस, वर चढलं, पडलं. असं होतंच.

कुलदीप तिथंच थांबला असता, तर ती गोष्ट तिथंच संपली असती. पण त्याला ती आणखी पक्की करायची होती. राख सावडून आल्या आल्या त्यानं पडदे बनवणाऱ्या कंपनीला फोन लावला आणि ओरडून म्हणाला, "तुमच्या बॅटरीनं माझा काका खाल्ला!"

म्हणून कंपनीनं आम्रपालीला पाठवलं.

२

आम्रपाली ही धम्मरत्नची मोठी बहीण. चाकणच्या त्या कारखान्यात तिचं काम वेगळंच होतं. एखाद्याच्या घरची बॅटरी लवकर मेली की तिनं तिथं जायचं, बसायचं, चहा घ्यायचा आणि विचारत राहायचं. पडदा कोण उघडतं? दिवसातून किती वेळा? पोरं रिमोटशी खेळतात का? ऊन कुठून येतं? बॅटरी पार रिकामी होईपर्यंत वापरता का? चार्जर लावून आठवडाभर विसरता का? लोक आधी म्हणत, आम्ही काहीच केलं नाही. मग हळूहळू सगळं बाहेर येई. तिला माहीत होतं, बॅटरी आपोआप मरत नाही. ती कुणाच्या तरी सवयीनं मरते.

पण टेमगिऱ्यांकडे जाणं नेहमीसारखं नव्हतं. हे घर तिच्या ओळखीचं होतं. इथले पडदे धम्मरत्ननंच बसवले होते. तो आता स्वतःचं फिटिंगचं काम करायचा. आणि यशवंतराव त्याला घरच्यासारखं वागवायचे.

दार उघडंच होतं. घट उचललेला, देव झाकलेले. आतल्या खोलीत जिथं जीव गेला तिथं जमिनीवर दिवा जळत होता. वर खिडकीच्या कट्ट्यावर हार घातलेला फोटो. शालनबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"ये गं पोरी. तुज्या भावाला सांगितलंस का? त्यो दिसला न्हाई मातीला."

"आला होता, आजी. मागं उभा होता."

"मागं कशापाई? त्यांनी त्याला कधी मागं बसवला का?" त्यांनी फोटोकडे पाहिलं. "ह्यांनी पडद्यांची नावं ठिवली व्हती, ठावं हाय ना? हॉलमधला हौश्या, सैपाकघरातला सोन्या, आन् ह्यो मोऱ्या. आमच्या दावणीचे बैल. आमावस्येला आमच्याकडं बैल जुपत न्हवते. त्या दिशी त्यांना पोटभर चारा आन् इसावा. तसं एक आमावस्या सोडून एक, ह्यांना वायर लावायची. म्हनायचे, आज चाऱ्याचा दिस, रिमोटला हात लावायचा न्हाई."

आम्रपालीला हसू आलं. बॅटरी पार रिकामी करायची नाही, पोटात थोडं असतानाच भरायची, हे तिनंच भावाला शिकवलं होतं आणि भावानं यशवंतरावांना. त्यांनी ते बैलांच्या भाषेत नेलं. पडदा सकाळी एकदा वर, संध्याकाळी एकदा खाली. मधे अर्ध्यावर थांबवायचा नाही. शेजारची पोरं आली की रिमोट फडताळात. त्यांच्या बॅटऱ्या कारखान्यातल्या चाचणीपेक्षाही जास्त टिकत होत्या.

"मागचा चारा कधी घातला, आजी?"

"भाद्रपदाच्या पोळ्याला. परवाच की. तुजा भाऊच आला व्हता, पुरनपोळी खाऊन गेला. ह्यांना कुठं चढाय येतंय स्टुलावर, गुडघं—"

त्या बोलता बोलता थांबल्या. आम्रपालीही थांबली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. पण कुणी काही बोलायच्या आत हॉलमधून टेप फाडल्याचा आवाज आला.

कुलदीप काकांची उशी, पांघरूण, कपडे एका खोक्यात भरत होता. दान द्यायला. चाळिशीचा, गळ्यात चेन, बोलण्यात गावठाणातला ताठा. कात्री न घेता त्यानं अंगठ्याच्या एका झटक्यात टेप तोडली, खोक्यावर दाबली आणि टेपच्या रिळाचं टोक दुमडून ठेवलं.

"काय मॅडम, झालं का चेकिंग? कंपनी काय देनार ते सांगा."

"बॅटरी अजून पाहिली नाही मी."

"पाहायचं काय? मेली ती. काकी रिमोट दाबून दाबून थकली." तो जवळ आला. "आन् एक सांगतो. तुमचा तो भाऊ. मंगळवारी सकाळी आलता तो इथं. ह्या लोकांना घरात किती घ्यायचं ते काकांना कळलं न्हाई कधी. मी बोलत न्हाई म्हनून, न्हायतर पोलिसांना बोलायला काय लागतंय?"

"तुम्ही कुठं होता मंगळवारी?"

"माझ्या घरात, खाली. झोपलो होतो. कंपन्यांत हमाली करनारी मानसं न्हाई आमी, मालक मानसं. दुपारी झोपतो."

आम्रपाली आत गेली. स्टूल सरळ केलं आणि चढली. पडद्याच्या वरच्या पट्टीत चार्जिंगचं भोक असतं, त्यावर एक छोटं रबरी बूच. त्या बुचाला नखानं ओढायला एक जीभ असते. बसवलेल्या पडद्यात ती जीभ खाली असते, म्हणजे खालून हात पोचतो.

मोऱ्याच्या बुचाची जीभ वर होती.

तिनं बूच काढून मीटरची टोकं लावली. आकडा पाहिला, टोकं काढून पुन्हा लावली, पुन्हा पाहिला. बॅटरी मेलेली नव्हती. काठोकाठ भरलेली होती.

मोऱ्याला कुणीतरी निजवला होता.

३

निजवणं हा पॅकिंगच्या टेबलावरचा शब्द. तयार झालेला पडदा गोदामात कितीही दिवस पडून राहतो. मोटर आतल्या आत रिमोटची हाक ऐकत राहिली तर बॅटरी तिथंच झिजते. म्हणून खोक्यात घालण्याआधी पट्टीवरचं बटण बराच वेळ दाबून धरायचं. हिरवा दिवा लुकलुकतो, मग लाल, मग विझतो. पडदा झोपला. आता चार्जरची वायर लागेपर्यंत तो कुणाचं ऐकत नाही. आणि निजवला की बूच उलटं बसवायचं, जीभ वर. म्हणजे टेबलाच्या पुढच्या माणसाला कळतं, हा झाला. घरी बसवताना फिटर त्याला उठवतो आणि बूच सुलटं करतो.

हे कुठल्या पुस्तिकेत नाही. गिऱ्हाइकाला माहीत नाही. टेबलाशी उभं राहून ज्यानं दिवसभर पडदे निजवले, त्याच्याच बोटांना हे माहीत.

आणि टेबलाशी उभं राहिलेला, या घरात येणारा एकच माणूस आम्रपालीला माहीत होता. फिटर व्हायच्या आधी धम्मरत्ननं दोन वर्षं तेच केलं होतं.

ती स्टुलावरून उतरली तेव्हा दारात कुलदीप उभा होता.

"काय झालं? चेहरा पडला?"

"काही नाही."

"मेलीय ना बॅटरी?"

तिनं बूच होतं तसंच, जीभ वर करून, परत लावलं होतं. का लावलं, तिलाही सांगता आलं नसतं. ती लिफ्टमध्ये शिरली. दार मिटता मिटता कुलदीपचा हात आत आला. तोही शिरला. पाचव्या मजल्याचं बटण त्यानं दाबलं नाही.

"चाकणवरून रोज घरी जाता ना, स्कूटीवर?" तो आरशात बघत म्हणाला. "तळवड्याचा रस्ता लई वाईट. कंटेनरवाले बघत न्हाईत मागंपुढं. रिपोर्ट नीट लिहा. बॅटरी मेली, मानूस मेला. विषय संपला."

खाली दार उघडताच ती झपझप गेटकडे निघाली. गेटवरच्या रखवालदारानं विचारलं, "ताई, बरं वाटत नाही का?" ती मान हलवून बाहेर आली आणि भिंतीला धरून उभी राहिली.

गप्प बसायचं, तर बॅटरीवर खोटा आळ येईल आणि कुणीतरी सुटेल. बोलायचं, तर बोट धम्मरत्नकडे वळेल. आणि सगळ्यांत मोठी भीती तिसरीच होती. ती म्हणजे, बोट बरोबरच वळलं तर?

ती चौकीत गेली. सब-इन्स्पेक्टर तनुजा गव्हाणे तिच्याच वयाच्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्या एवढंच म्हणाल्या, "शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांचं म्हणणं आलंय. पडल्या पडल्या गेले नाहीत ते. बराच वेळ जीव होता." त्यांनी पेन खाली ठेवलं. "पडदा निजवणं कुणाला येतं?"

"पॅकिंगच्या टेबलावरच्या माणसांना."

"त्यांतलं कोण त्या घरात येत होतं?"

आम्रपालीनं खाली ठेवलेलं ते पेन सरळ केलं.

"ओव्हाळ मॅडम, सोसायटीच्या कॅमेऱ्यात मंगळवारी बाहेरून आलेला एकच माणूस दिसतो. नाव मला माहीत आहे. मला ते तुमच्या तोंडून ऐकायचंय."

"माझा भाऊ," आम्रपाली म्हणाली.

४

दिवेलागणीच्या आत धम्मरत्नला चौकीत नेलं. त्याची बायको श्रद्धा बाळाला छातीशी धरून पिंपरीच्या घराच्या उंबऱ्यात बसली होती. ती आम्रपालीला म्हणाली, "तुम्ही नाव सांगितलंत? तुम्ही, ताई?"

आम्रपालीला बसायलाही जागा सापडेना.

तिला भावाला पाच मिनिटं भेटू दिलं होतं. तो बाकावर बसला होता, हात मांड्यांत घातलेले, लहानपणी मार खाल्ल्यावर बसायचा तसा.

"धम्मा, खरं सांग. मोऱ्याला तू निजवलास?"

त्यानं मान वर केली. "ताई, तुला तसं वाटतं?"

"मला काय वाटतं ते विचारू नकोस. मंगळवारी कशाला गेला होतास?"

"चंदेरी कागदाची पट्टी लावायला. तूच नाही का म्हणालीस, पश्चिमेच्या काचेजवळ बॅटरी तापते, तापली की लवकर म्हातारी होते? ती लावली, चहा घेतला, आलो. बूच सुलटं होतं. यशवंतबाबा म्हणाले, दसऱ्याला बाळाच्या नावाला येतो, मला जेवायला खाली बसता येत नाही, खुर्ची ठेव." त्यानं हात मांड्यांतून काढले. "मी खुर्ची आणून ठेवलीय, ताई."

तिनं तोंड फिरवलं. तो मागून म्हणाला, "आणि मला मारायचंच असतं, तर बॅटरी संपली असं मी कशाला दाखवीन? पोळ्याला चारा मीच घातला होता ना. मला काय माहीत नव्हतं, ती भरलेली आहे?"

ती दारातच थांबली.

खरंच. ज्यानं हे रचलं त्याला निजवणं येत होतं, पण अमावास्येचा चारा माहीत नव्हता. म्हातारा स्टुलावर कधीच चढत नाही हेही माहीत नव्हतं. म्हणजे टेबलावरचा माणूस, पण घरातल्या रीतीला परका. तिनं तनुजांना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "बहीण म्हणून सांगताय. कोर्ट म्हणेल, माणूस घाबरला की मूर्खपणा करतो. मला दुसरा माणूस दाखवा."

घरी कस्तुराबाई दसऱ्याला वाटायच्या लाडवांचे पुडे बांधत होत्या. लेक आत गेला होता, पण हात थांबवले तर आपण रडू, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी अंगठ्याच्या एका झटक्यात टेप तोडली, पुड्यावर दाबली आणि रिळाचं टोक दुमडून ठेवलं.

आम्रपालीनं ते रीळ हातात घेतलं.

"आई, ते टोक का दुमडलंस?"

"कुठलं? हे? सवय गं. पडद्यांचं पॅकिंग भोसरीच्या शेडात व्हायचं, तिथं कामाला असताना लागली. दुमडलं नाही तर पुढची बाई नखानं टोक शोधत बसते आणि सुपरवायझर बोंबलतो. टेबलावरचं प्रत्येक माणूस दुमडायचं."

"तू होतीस तेव्हा आणखी कोण होतं टेबलावर? पुरुष?"

"बायकाच जास्त. कंत्राटदाराची पोरं असायची चार-दोन." कस्तुराबाई आठवू लागल्या. "एक होता, तोंडाला रुमाल बांधून यायचा आणि तसाच काम करायचा. चांगल्या घरचा दिसायचा. धूळ नाही, काही नाही, रुमाल कशाला? तर गावातल्या कुणी बघू नये म्हणून. आम्ही त्याला नवरदेव म्हणायचो. 'नवरदेव, मुंडावळ्या कधी सोडणार?' लई चिडायचा. एकदा निजवलेला पडदा उठवताना त्याचा हात खाली राहिला. वायर लागली की तो पहिल्यांदा सगळा खाली येतो ना, तळ शोधायला. मनगटावर आपटला. तेव्हापासून वायर दिसली की आधी टेबल रिकामं करायचा."

"नाव काय होतं त्याचं?"

"नाव कुणाला सांगितलं त्यानं? पैसा संपला असंल, दुसरं काय. जमिनीचा पैसा किती दिवस पुरतो?"

त्या रात्री आम्रपालीनं दाराला आतून कडी घातली आणि तिला टेकून स्टूल ठेवलं. मग त्या स्टुलाकडे बघवेना म्हणून ते काढलं. रस्त्यावरून जाणारा प्रत्येक कंटेनर आपल्याच दाराशी मंदावतोय, असं तिला वाटत राहिलं.

५

शुक्रवारी दुपारी टेमगिऱ्यांच्या आतल्या खोलीत चौघं होती. शालनबाई, कुलदीप, आम्रपाली आणि साध्या साडीत आलेल्या तनुजा गव्हाणे. दिवा जमिनीवर जळत होता. फोटो खिडकीच्या कट्ट्यावर, अगदी पडद्याच्या रेषेत, जिथं पहिल्या दिवसापासून होता.

"पकडला ना त्याला, मग आता काय राहिलं?" कुलदीप म्हणाला.

"कंपनीला बॅटरीचा दाखला लागतो," आम्रपाली म्हणाली. "बॅटरी मेलीय हे सिद्ध करायला ती चार्जिंगला लावून बघायची. मेलेली बॅटरी वायर लावल्यावर काही करत नाही. लाल दिवा लागतो, बस. तासभर पडदा हलतसुद्धा नाही. तुम्ही सगळे बसून घ्या."

शालनबाई बसल्या. तनुजा दाराशी टेकून उभ्या राहिल्या. आम्रपाली स्टुलावर चढली. तिनं बूच काढलं, वायर हातात घेतली, टोक भोकाजवळ नेलं आणि खाली न बघता थांबली.

मागं पाय वाजले. झटकन.

तिनं वळून पाहिलं. कुलदीपनं फोटो कट्ट्यावरून उचलून छातीशी धरला होता आणि पायानं दिवा भिंतीकडे सरकवला होता.

"फोटो का उचलला, भाऊ?" तनुजांनी विचारलं.

"पडंल ना तो."

"कशानं?"

आम्रपालीनं वायर लावली.

दिवा हिरवा लागला. मोऱ्या घुमला. मग तो पडदा, जो मंगळवारपासून कुणाच्या बटणाला हलला नव्हता, हळूहळू खाली येऊ लागला. उन्हाची पट्टी बारीक होत गेली. शालनबाईंनी तोंडावर पदर घेतला आणि त्या किंचाळल्या. पडदा कट्ट्याला टेकला, अगदी जिथं फोटो होता तिथं. खोलीत अंधार झाला. त्यात फक्त दिव्याची वात आणि कुलदीपचा श्वास.

"मेलेली बॅटरी हलत नाही," आम्रपाली अंधारात म्हणाली. "निजवलेला पडदा उठला की पहिल्यांदा तळ शोधायला खाली येतो. मी सांगितलं, हलणार नाही. आजींनी विश्वास ठेवला. तुम्ही ठेवला नाही, कारण तुमच्या मनगटाला माहीत होतं. तुम्ही टेबलावर काम केलंय. कालच्या खोक्यावर टेप तोडलीत, टोक दुमडून ठेवलंत. मंगळवारी घाईत निजवलंत तेव्हासुद्धा बोटांनी बूच उलटंच बसवलं. त्यांना दुसरं येतच नाही. भोसरीच्या शेडात तुम्हाला नवरदेव म्हणायचे ना?"

"कोन म्हनतं? मी कधी कंपनीत पाय—"

"माझी आई तुमच्या पुढच्या जागेवर उभी असायची. तिला खाली गाडीत बसवून आणलंय. रुमाल बांधून तिच्यासमोर उभे राहाल?"

पडदा पुन्हा घुमला. तळ सापडला होता. तो वर निघाला आणि ऊन आधी कुलदीपच्या पायांवर आलं, मग हातांतल्या फोटोवर, मग तोंडावर. तो रडत होता.

"वावराचा शब्द दिला होता मी गोदामवाल्याला," तो म्हणाला. "शेवटचं वावर. काका सही करंना. म्हनले, तू त्या शेडात हमाली केलीस ती लपवलीस, ह्याची मला लाज वाटती, हमालीची न्हाई. त्यांना ठावं होतं, काकी. पहिल्यापास्नं ठावं होतं. मी ढकललं. नुसतं ढकललं."

शालनबाई उठल्या. भिंतीला धरत त्याच्यासमोर आल्या.

"आन् मग?"

"मग... पडले."

"मी खाली देवळात व्हते, कुलदीप. हाक मारली असतीस तर लिफ्टनं वर आले असते. डॉक्टर म्हनतो, लई येळ जीव व्हता. तू स्टुलावर चढलास, बटन दाबून धरलंस, बूच लावलंस. तवा ते काय करत व्हते?"

कुलदीप फोटोची काच शर्टाच्या टोकानं पुसू लागला. पुसतच राहिला.

"बघत व्हते का तुज्याकडं?"

तनुजांनी पुढं होऊन त्याच्या हातातून फोटो काढून घेतला आणि शालनबाईंना दिला.

६

दसऱ्याच्या सकाळी धम्मरत्न घरी आला. श्रद्धानं दार उघडलं, पण आम्रपालीकडे पाहिलं नाही. आम्रपालीनं ते मुकाट्यानं सोसलं. नाव तिनं सांगितलं होतं. खरं सांगायला गेलं की आधी आपलंच माणूस त्याखाली सापडतं, आणि सुटलं तरी ती वेळ सगळ्यांच्या लक्षात राहते.

संध्याकाळी वंदना झाली. मुलीचं नाव सुजाता ठेवलं. पुढच्या रांगेत एक खुर्ची रिकामी होती. कुणीतरी ती उचलायला गेलं, तर धम्मरत्न म्हणाला, "राहू दे."

शालनबाईंना सुतक होतं, त्या आल्या नाहीत. पण त्यांचा फोन आला. "दिवाळीच्या आमावस्येला धम्माला धाडून दे," त्या म्हणाल्या. "चारा घालाय. पोळ्यानंतरची एक आमावस्या सोडायला पायजे खरं. पर मोऱ्याला एकट्याला घाल म्हनावं. घाबरलाय त्यो."

आम्रपालीनं विचारलं, "आजी, तुम्ही त्या खोलीत झोपता?"

"व्हय. पडदा मात्र वर करूनच. त्यो खाली यायला लागला, की मला भ्या वाटतं."

यशवंतराव टेमगिरे आठ ऑक्टोबर दोन हजार चोवीस रोजी, मंगळवारी दुपारी, वाकडच्या आपल्या राहत्या घरी, पुतण्यानं ढकलल्यामुळे आणि कुणाला हाक न मारल्यामुळे वारले.